पहिली पसंती आणि घरचा हिशोब

सीईटीचा निकाल लागला की महाराष्ट्रातल्या हजारो घरांत एकच उद्योग सुरू होतो. पर्सेंटाइल कळलेलं असतं, गेल्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ मोबाइलवर उघडलेली असते आणि कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेच्या, पसंतीक्रमात सगळ्यात वर काय टाकायचं यावरून बाप-लेकीत, नाहीतर मामा-भाच्यात वाद रंगलेला असतो. यादीत कॉलेजचा कोड टाकायचा असतो, शाखा टाकायची असते. घराला किती झेपेल, हा आकडा कुठेच टाकायचा नसतो. तो आईच्या डोक्यात असतो, वडिलांच्या पीएफच्या पासबुकात असतो आणि बऱ्याचदा जागा लागल्यावरच उघडपणे बोलला जातो.

मनातलं कॉलेज की परवडणारं कॉलेज, हा प्रश्न जगभर विचारला जातो, पण त्याची मांडणी देशोदेशी वेगळी आहे. अमेरिकेत ती सरळ दिसते. नावाजलेलं खासगी विद्यापीठ महाग आणि आपल्या राज्याचं सरकारी विद्यापीठ त्या मानाने स्वस्त. महाराष्ट्रात गाडा उलटा आहे. इथे ज्या नावांना खरी पत आहे ती बहुतेक सरकारच्या किंवा अनुदानाच्या आधारावर उभी राहिलेली, म्हणून तुलनेने स्वस्त. १८५४ साली ‘पूना इंजिनिअरिंग क्लास’ म्हणून सुरू झालेलं आणि २०२२ पासून स्वतंत्र विद्यापीठ झालेलं सीओईपी, १८८७ सालचं माटुंग्याचं व्हीजेटीआय, १९३३ साली यूडीसीटी म्हणून जन्मलेली आणि २००८ मध्ये अभिमत दर्जा मिळालेली रसायन तंत्रज्ञान संस्था, इथली वर्षाची फी आजही लाखाच्या आतबाहेर घुटमळते. आयआयटीची फी २०१६ साली ९० हजारांवरून एकदम दोन लाखांवर गेली तेव्हा ओरड झाली. पण त्याच निर्णयात अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना, तसंच लाखाच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांना पूर्ण शिक्षणशुल्क माफ झालं आणि एक ते पाच लाख उत्पन्नाच्या घरांना दोन तृतीयांश.

म्हणजे आपल्याकडे पहिली पसंती स्वस्त असते आणि महाग असतो तो तिचा पर्याय. पाच-दहा गुणांनी सीओईपी हुकतं आणि मग खासगी विद्यापीठाच्या माहितीपत्रकातली वर्षाला तीन-चार लाखांची फी समोर येते. तिलाही ‘ड्रीम कॉलेज’ म्हणण्याची पद्धत अलीकडे पडली आहे. काचेची इमारत, परदेशी विद्यापीठांशी करार आणि गेल्या वर्षीचं सगळ्यात मोठं पॅकेज, एवढ्या साहित्यावर ते स्वप्न उभं केलेलं असतं. एका स्वप्नासाठी गुण लागतात, दुसऱ्यासाठी पैसे. या दोहोंची गल्लत झाली की पुढचा सगळा हिशोब चुकतो.

हे असं का झालं, हे समजायला चाळीस वर्षं मागे जावं लागतं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रात सरकारी आणि अनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी होती. सांगलीचं वालचंद १९४७ चं, कराडचं शासकीय महाविद्यालय १९६० चं, अमरावतीचं १९६४ चं. जागा कमी आणि मागणी मोठी, त्यामुळे ज्यांच्याकडे पैसा होता ते देणगी भरून कर्नाटकात जात. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर खासगी महाविद्यालयांना परवानगी दिली. पुण्याची एमआयटी, विश्वकर्मा, पीआयसीटी ही त्या एकाच वर्षाची भावंडं. जागा वाढल्या, देणग्याही वाढल्या, आणि १९८७ मध्ये राज्याला कॅपिटेशन फी रोखणारा कायदा करावा लागला.

पुढचं नाटक सर्वोच्च न्यायालयात रंगलं. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने खासगी महाविद्यालयातल्या निम्म्या जागा ‘फ्री सीट’ आणि उरलेल्या ‘पेमेंट सीट’ अशी वाटणी केली. पैसेवाल्याने जास्त भरायचं आणि गुणवंताचा भार उचलायचा, असा तो बेत होता. २००२ च्या टीएमए पै निकालात अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने ही योजना रद्द केली. संस्थांना फी ठरवण्याची मोकळीक मिळाली, मात्र नफेखोरी करायची नाही ही अट राहिली. २००३ च्या इस्लामिक अकॅडमी निकालाने निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली फी समित्या आल्या. २००५ चा पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र शासन हा खटला तर आपल्याच राज्यातला. त्यातूनच पुढे महाराष्ट्राचा २०१५ चा कायदा आणि आजचं शुल्क नियामक प्राधिकरण. या लांबलेल्या न्यायालयीन वादाचं फळ असं, की गरीब विद्यार्थ्याचा भार शेजारच्या बाकावरच्या श्रीमंत विद्यार्थ्यावरून उठला आणि सरकारच्या शिष्यवृत्तीवर आला. कॉलेजची छापील फी आणि घराने प्रत्यक्ष भरायची फी यांच्यात जे अंतर आहे ते इथून सुरू होतं.

आणि हे अंतर फार मोठं असू शकतं. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या खुल्या गटातल्या विद्यार्थ्याला शिक्षण आणि परीक्षा शुल्काचा निम्मा भाग मिळतो. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने याच उत्पन्नमर्यादेत बसणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. शिवाय टीएफडब्ल्यूएस आहे. प्रत्येक शाखेत पाच टक्के वाढीव जागा, शिक्षणशुल्क शून्य. या जागांचं कटऑफ त्याच कॉलेजच्या खुल्या जागेच्याही वर जातं. गुणवंतांची खरी झुंबड कुठे असते ते यावरून कळतं.

आता यातली मेख. मुलींच्या फीमाफीच्या निर्णयात केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून झालेलेच प्रवेश धरले जातात. व्यवस्थापन कोट्यातले नाहीत. आणि खासगी अभिमत विद्यापीठं व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातून वगळली आहेत. गेल्या दहा-पंधरा वर्षांत राज्यात खासगी विद्यापीठांची रांग लागली. १९८३ च्या त्या पिढीतली एमआयटीसुद्धा २०१७ मध्ये विद्यापीठ झाली. परिसर तोच, फाटक तेच, रिक्षावाल्याला सांगायचा पत्ताही तोच. पण ‘महाविद्यालय’ आणि ‘विद्यापीठ’ या दोन पाट्यांमध्ये एखाद्या ओबीसी मुलीच्या घराचे चार वर्षांत कित्येक लाख रुपये अडकलेले असतात. पाटी वाचताना हे फार थोड्यांच्या लक्षात येतं.

आठ लाखांच्या रेषेचं गणितही क्रूर आहे. पती-पत्नी दोघं जिल्हा परिषदेचे शिक्षक असतील तर ते घर रेषेच्या वर जातं आणि सवलतीतलं काहीच मिळत नाही. खाली साडेसात लाखांचं घर बसतं आणि त्यातल्या मुलीची फी माफ होते. रेषा कुठेतरी ओढावी लागते हे खरं, पण ही रेषा उतार नसून कडा आहे. शिवाय मंजूर झालेली रक्कम महाडीबीटीवरून वेळेत येईलच असं नाही. प्रतिपूर्तीला होणारा उशीर ही संस्थाचालकांची जुनी तक्रार आहे आणि तोपर्यंत दोन हप्ते भरून ठेवा असं सांगणारी कॉलेजंही असतात. कागदावर फुकट असलेल्या जागेसाठी ऑगस्टमध्ये रोख साठ हजार उभे करावे लागले, तर घराच्या दृष्टीने ती फुकट नसते.

फी माफ झाली तरी राहण्याचा प्रश्न उरतोच. पुण्यात खोली आणि मेस मिळून महिन्याला दहा हजारांत भागवणारा विद्यार्थी काटकसरीच म्हणायचा. वर्षाचे दहा महिने धरले तरी चार वर्षांत चार लाख झाले, म्हणजे कित्येक कॉलेजांच्या शिक्षणशुल्काएवढेच. म्हणून लातूर-परभणीच्या मुलाला नांदेडचं श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय परवडतं आणि पुण्यातलं त्याच दर्जाचं कॉलेज परवडत नाही, असं होतं. ही अडचण नवी नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहांची साखळी उभारली ती याच कारणाने. शिक्षण फुकट केलं तरी खेड्यातलं पोर राहणार कुठे, हे त्यांनी ओळखलं होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ उभं केलं, पुण्यात १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली. आज सरकारची पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजना आहे, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार आहे, जिच्यात मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६० हजारांपर्यंत मदत मिळते. तरी प्रवेशाच्या चर्चेत फीवर तासभर बोलणारं घर मेसवर पाच मिनिटंही बोलत नाही.

एवढा खटाटोप करून मोठ्या नावाचं कॉलेज घेतलं, तर त्याचा उपयोग किती? या प्रश्नावर अर्थशास्त्रज्ञ दोन-अडीच दशकं भांडत आहेत आणि त्यांचं भांडण वाचण्यासारखं आहे. अडचण अशी, की नामांकित कॉलेजात हुशार आणि जिद्दी मुलंच जातात. पुढे ती जास्त कमावतात ते कॉलेजमुळे की स्वतःमुळे, हे वेगळं कसं करायचं?

स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी २००२ मध्ये एक नामी युक्ती काढली. १९७६ साली कॉलेजात गेलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी साधारण सारख्याच संस्थांत अर्ज केले आणि ज्यांना सारखेच होकार-नकार मिळाले, पण ज्यांच्यातला एक नामांकित ठिकाणी गेला आणि दुसरा कमी नावाच्या, अशांची त्यांनी तुलना केली. दोघांच्या कमाईत फारसा फरक निघाला नाही. कॉलेज कोणतं यापेक्षा त्या मुलाने अर्ज कुठे करण्याची हिंमत केली, हेच जास्त बोलकं ठरलं. याला अपवाद मात्र होता, तो गरीब घरांतल्या मुलांचा. त्यांना नामांकित कॉलेजाचा फायदा झाला. पुढच्या अभ्यासात कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि कमी शिकलेल्या पालकांच्या मुलांबाबतही हेच दिसलं.

२०२३ मध्ये राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांनी हार्वर्ड-येलच्या पंक्तीतल्या बारा विद्यापीठांचा अभ्यास केला. प्रतीक्षायादीतून कोणाला प्रवेश मिळाला आणि कोणाला नाही, हा फरक त्यांनी वापरला. सरासरी कमाईत इथेही मोठा फरक आढळला नाही. पण सर्वोच्च एक टक्का कमाईत पोचण्याची शक्यता जवळपास दीडपट झाली आणि नामवंत कंपन्यांत काम मिळण्याची शक्यता तिप्पट. म्हणजे मोठ्या नावाने सगळ्यांचा पगार वाढत नाही. थोड्यांसाठी फार उंच दार उघडतं. त्या दारातून कोण आत जातं, याचं उत्तर सेथ झिमरमन यांच्या चिलीवरच्या २०१९ च्या अभ्यासात आहे. तिथल्या उच्चभ्रू विद्यापीठांमुळे कंपन्यांच्या वरच्या खुर्च्यांवर पोचणारे वाढले, पण हा लाभ महागड्या खासगी शाळांतून आलेल्या मुलग्यांच्या पदरात पडला. मुलींना आणि साध्या शाळांतल्या मुलांना जवळपास काहीच मिळालं नाही. वर्गातला अभ्यास सगळ्यांना सारखा होता, ओळखी मात्र नव्हत्या.

भारताबाबत शीतल सेखरी यांचा २०२० चा निबंध आपल्या चर्चेला सगळ्यात जवळचा. नामांकित सरकारी महाविद्यालयांत प्रवेशाच्या रेषेच्या किंचित वर आणि किंचित खाली राहिलेल्या विद्यार्थ्यांची त्यांनी तुलना केली. जेमतेम आत गेलेल्यांचे पगार जास्त निघाले. पण शेवटच्या परीक्षेतल्या गुणांत लक्षात येण्यासारखा फरक नव्हता. सरळ सांगायचं तर कॉलेजने जास्त शिकवलं नाही, तरी नोकरी देणाऱ्याने नावाचे पैसे मोजले. मारियान बर्ट्रांड, रेमा हॅना आणि सेंथिल मुल्लैनाथन यांनी २०१० मध्ये राखीव जागांवरून अभियांत्रिकीला गेलेल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला होता. कमी गुणांनी आत आलेल्या मागास जातींतल्या विद्यार्थ्यांनाही या शिक्षणाचा कमाईत चांगला लाभ झाला, असं त्यांना दिसलं.

या सगळ्याचा मेळ घातला तर एक कोडं दिसतं. मोठ्या नावाची गरज ज्याच्या घरात पहिल्यांदाच कोणी इंजिनिअर होतंय त्याला जास्त. काकाची कंपनी, वडिलांचे मित्र, इंग्रजीचं वळण हे त्याच्याकडे नसतं, म्हणून पदवीवरची मोहोर त्याच्यासाठी ओळखपत्राचं काम करते. आणि कर्जाची जोखीमही त्यालाच सगळ्यात कमी झेपते. ज्याच्या घरी पैसा आहे त्याला नावाने फारसा फरक पडत नाही, पण घेणं त्याला परवडतं. भारतात या कोड्याची धार थोडी बोथट होते ती एकाच कारणाने. मोहोर असलेली कॉलेजं सरकारी आहेत. म्हणून सीओईपीसाठी किंवा नांदेडच्या कॉलेजासाठी घर सोडून राहण्याचं कर्ज काढणं आणि कालपरवा निघालेल्या विद्यापीठाच्या फीसाठी कर्ज काढणं, या दोन गोष्टी एका तराजूत घालू नयेत.

कर्जाचा आकडा कागदावर मांडला की पुष्कळसा धूर विरतो. दहा लाखांचं शैक्षणिक कर्ज, दहा टक्के व्याज आणि दहा वर्षांची परतफेड धरली तर महिन्याचा हप्ता साधारण १३,२०० रुपये येतो. एकूण परतफेड पंधरा लाख ८६ हजारांच्या घरात जाते. मुदत पंधरा वर्षं केली तर हप्ता पावणेअकरा हजारांवर उतरतो, पण परतफेड एकोणीस लाखांच्या पुढे जाते. यात शिकत असतानाचं व्याज धरलेलं नाही. आता दुसऱ्या बाजूला पगार पाहा. मोठ्या आयटी कंपन्यांच्या घाऊक भरतीत फ्रेशरचं पॅकेज दशकभर साडेतीन लाखांच्या आसपासच खुंटलेलं आहे, म्हणजे हातात महिना पंचवीस-सव्वीस हजार. त्यातून १३ हजार बँकेला आणि दहा हजार हिंजवडीतल्या खोलीला आणि मेसला. उरलेल्या दोन-तीन हजारांत नव्या इंजिनिअरने गावी पैसे पाठवायचे असतात. याच कंपन्या आता टीसीएसच्या एनक्यूटीसारख्या परीक्षा घेऊन कुठल्याही कॉलेजच्या मुलांना बोलावतात. तेव्हा ज्याला शेवटी हीच नोकरी करायची आहे त्याने तिच्यासाठी पंधरा लाखांचं तिकीट काढायची गरज नसते.

बँकांना हे पालकांपेक्षा आधी कळलं, हा यातला गमतीचा भाग. स्टेट बँकेच्या स्कॉलर लोन योजनेत संस्थांच्या श्रेणी लावलेल्या असतात. वरच्या श्रेणीतल्या कॉलेजांसाठी व्याज कमी आणि तारणाची कटकट नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेतही एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीवर आधारलेली संस्थांची यादी आहे, मंजुरीच्या वेळी ती सुमारे ८६० संस्थांची होती. या संस्थांत प्रवेश मिळाला तर तारणाविना, जामिनाविना कर्ज, साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला ७५ टक्के सरकारी हमी आणि आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिकण्याच्या काळात तीन टक्के व्याजसवलत. आपल्या मनातलं कॉलेज या यादीत आहे का, हे पाहायला दोन मिनिटं लागतात. नसेल तर ज्या संस्थेवर बँकेचा भरवसा नाही तिच्यावर आपण घर गहाण का ठेवायचं, हा प्रश्न जेवणाच्या ताटावर तरी विचारावा. कर्जात पालक सहकर्जदार असतात, त्यामुळे मुलाचा हप्ता थकला की वडिलांचाही सिबिल स्कोअर घसरतो, आणि धाकट्या बहिणीच्या वेळी बँकेचं दार आधीच अर्धं मिटलेलं असतं.

नाव नंतरही मिळवता येतं, हे बारावीच्या वर्षी कोणालाच पटत नाही. गेट देऊन आयआयटीत एमटेक केलं तर महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. कॅट दिली तर पदवी कोणत्या कॉलेजची, हा दरवाजा बंद करणारा प्रश्न राहत नाही. एमपीएससी आणि यूपीएससीच्या अर्जात तर फक्त पदवी लागते. जिल्ह्याच्या कॉलेजात कमी खर्चात पदवी आणि मग पदव्युत्तरला मोठं नाव, हा मार्ग महाराष्ट्रातल्या अनेक घरांनी गाजावाजा न करता धरलेला आहे. मात्र तो हमखास नाही, पहिल्या वर्षापासून तयारी करावी लागते, आणि सगळा वर्ग एनक्यूटीच्या मागे असताना एकट्याने गेटचा अभ्यास करायचा तर पाठीला कणा लागतो.

शाखा की कॉलेज, हा याच प्रश्नाचा सख्खा भाऊ. सीओईपीत मेटलर्जी की खासगीत कम्प्युटर? इथे पैसा आडून बोलतो, कारण खासगीतल्या कम्प्युटरसाठी मोजलेली जादाची फी ही मुळात शाखेची किंमत असते. याला एकच उत्तर नाही. पण ज्याला मेटलर्जी आवडणारच नाही अशा मुलाला केवळ नावासाठी तिथे कोंबणं म्हणजे फी वाचवून चार वर्षं गमावणं.

गोव्यात मनातलं की परवडणारं हा प्रश्न एकाच छोट्या राज्यात मावतो. झुआरीनगरला २००४ पासून बिट्स पिलानीचा परिसर आहे. तिथे राहण्याखाण्यासह चार वर्षांचा खर्च वीस लाखांच्या पुढे जातो, आणि गुण व गरज पाहून मिळणारी सवलत काही थोड्यांनाच मिळते. तासाभराच्या अंतरावर फर्मागुडीला १९६७ चं गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, सरकारी आणि स्वस्त. शिवाय गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्ज योजना आहे. बिनव्याजी कर्ज म्हटलं की अख्खं गणितच बदलतं.

परदेशाचा मामला वेगळा. पदवीसाठी अमेरिकेत जाणारं मूल असेल तर छापील खर्च वर्षाला ८५ हजार डॉलरच्या पुढे असतो. पण हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी यांसारखी मोजकी विद्यापीठं परदेशी अर्जदारालाही घरची ऐपत न पाहता प्रवेश देतात आणि नंतर गरजेप्रमाणे मदत करतात. सगळ्यात अवघड दारच काहींसाठी सगळ्यात स्वस्त, ही आयआयटीसारखीच उलटी गोष्ट. न्यू जर्सीतल्या मराठी घरांची कोंडी निराळी आहे. दोघं आयटीत, उत्पन्न चांगलं, म्हणून गरजेवरची मदत नाही. आयव्ही लीगमध्ये गुणवत्तेवरच्या शिष्यवृत्त्या दिल्याच जात नाहीत. समोर रट्गर्सचा राज्यातल्या रहिवाशांसाठीचा कमी दर असतो. १ मेपर्यंत निर्णय द्यायचा असतो आणि आजी पुण्याहून फोन करून विचारत असते, ‘येल लागलं ना?’

इथून एमएसला जाणाऱ्यांना अशी मदत फारशी मिळत नाही. बिगरबँक वित्तसंस्थांकडून घेतलेलं कर्ज, शिक्षणानंतर तिथे काम करू देणाऱ्या ओपीटीचं एक वर्ष आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शाखा असतील तर आणखी दोन वर्षं, मग एच-वन-बी व्हिसाची सोडत. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा भार घालण्याची घोषणा झाली आणि डॉलरच्या पगारावर आखलेली अनेक घरांची गणितं एका रात्रीत लटपटली. नाव चांगलं की फी कमी, यापेक्षा हप्ता कोणत्या चलनात फेडायचा आहे हा प्रश्न तिथे मोठा ठरतो.

जर्मनीकडे पुण्याचा ओढा आहे तो यामुळेच. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. खर्च राहण्याचा, आणि त्यासाठी वर्षाला ११,९०४ युरो गोठवलेल्या खात्यात आधी दाखवावे लागतात. पण बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याने २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो लावले, आणि म्युनिकच्या टीयूएमने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून पदव्युत्तरसाठी सत्राला चार ते सहा हजार. इतकी वर्षं फुकट असलेलं मोठं नाव महाग झालं. आखनचं आरडब्ल्यूटीएच अजून तसंच आहे. टीयूएम सोडून आखन धरणाऱ्याला नावात थोडंच गमवावं लागतं.

शिष्यवृत्तीच्या अटी किती महत्त्वाच्या, याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं आहे. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली म्हणून कोलंबिया शक्य झालं. बदल्यात बडोदा संस्थानाची दहा वर्षं नोकरी लिहून द्यावी लागली. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. बडोद्यात राहायला जागासुद्धा मिळू दिली गेली नाही. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भाथेनांकडून घेतलेलं कर्ज, यावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये डीएस्सी घेतली. प्रवेश मिळणं आणि तो शेवटपर्यंत निभावता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज राज्य सरकार अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती देतं. दरवर्षीच्या जागा अवघ्या ७५.

पालकांच्या हाती एक फुकटचं हत्यार आहे, आणि ते फारच थोडे वापरतात. एनआयआरएफमध्ये भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला आपली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. त्या पीडीएफमध्ये पहिल्या वर्षाला किती आले, ठरल्या मुदतीत किती पास झाले, किती नोकरीला लागले, किती पुढे शिकायला गेले आणि त्यांचा मधला पगार किती, हे सगळं असतं. माहितीपत्रकावरचं ४० लाखांचं पॅकेज एका मुलाचं असतं, हा मधला पगार नोकरीला लागलेल्यांपैकी निम्म्या मुलांनी ओलांडलेला असतो. आणखी एक रकाना तर याच प्रश्नासाठी केल्यासारखा आहे. सरकारकडून, संस्थेच्या स्वतःच्या निधीतून आणि खासगी देणगीदारांकडून पूर्ण फी परत मिळालेले विद्यार्थी किती आणि न मिळालेले किती, हेही तिथे लिहिलेलं असतं. एखादं विद्यापीठ शिष्यवृत्त्यांच्या जाहिराती करत असेल, तर ‘संस्थेच्या निधीतून’ या ओळीसमोरचा आकडा पाहावा.

राहिला वेळेचा सापळा. खासगी विद्यापीठं एप्रिल-मेमध्येच जागा पक्की करायला लावतात, तेव्हा सीईटीचा निकालही लागलेला नसतो. कॅपच्या फेऱ्या नंतर सुरू होतात. जागा जाईल या धास्तीने लाखभर रुपये भरले जातात आणि पुढे चांगलं सरकारी कॉलेज लागलं तरी ‘आता भरलेच आहेत’ म्हणून पाय मागे घेतला जात नाही. २०२४-२५ साठी यूजीसीने ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण फी आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत केल्यास जास्तीत जास्त हजार रुपये कापून बाकी परत, असा आदेश काढला होता. त्या त्या वर्षीची तारीख यूजीसीच्या परिपत्रकात पाहून घ्यावी. आणि पैसे भरण्याआधीच, परताव्याचा नियम विद्यापीठाकडून लेखी मागून घ्यावा.